कप्तान गाळात

थोरल्या बहिणीचा, अक्काचा निरोप आला तो असा: सगळ्यांनी या, आणि एकाच गाडीतून या, वेगवेगळे आलात तर मिठागरातल्या कोठीचं दार उघडणार नाही.

त्यामुळे कप्तान, त्याची बायको आणि त्याची लेक अशी तिघं सकाळी एकाच गाडीत बसली. बाप-लेकीची बोलाचाल बंद होऊन आता वर्ष होत आलं होतं. दोघांच्या मधे जे काही जायचं-यायचं ते आईच्या तोंडून.

‘आई, बाबांना सांग, काच जरा वर घ्या,’ लेक मागच्या सीटवरून म्हणाली.

गाडी कप्तानच चालवत होता. लेकीचं तोंड त्याच्या कानापासून हातभर अंतरावर होतं.

‘अहो, काच वर घ्या.’

‘तिला म्हणावं, वाऱ्याने कुणी मेलेलं नाही.’

‘ऐकलंस ना?’

‘नाही,’ लेक म्हणाली.

‘तुम्हा दोघांची टपालं वाहून माझा घसा बसलाय,’ बायको म्हणाली. ‘माझी बदली तरी करा कुठेतरी.’

कप्तानाने काच वर घेतली. पण पूर्ण नाही. चार बोटं फट त्याने मानासाठी ठेवली.

मानाचाच प्रश्न होता. खाडी बुजू नये म्हणून गाळ उपसणारं जहाज कप्तानाने उभी हयात चालवलं होतं. मोठी जहाजं बंदरात सुखरूप यायची ती त्याने खोदलेल्या वाटेने. पुढे बंदर दूर खोल समुद्राकडे गेलं, जहाज भंगारात गेलं आणि कप्तान घरी आला. पण गावात त्याला नावाने हाक मारणारा माणूस उरला नव्हता. तो सगळ्यांचा कप्तानच. आणि त्याची एकुलती एक लेक शिकून सवरून खाडी जपणाऱ्या केंद्रात नोकरीला लागली. बापाने जन्मभर गाळ बाहेर काढला आणि लेक तो परत आत आणायला निघाली, असं अक्का येईल त्याला सांगायची, आणि सांगताना तिला हसू आवरायचं नाही.

गेल्या वर्षी लेकीने नगर सभागृहात व्याख्यान दिलं. विषय होता, आपण खाडीत काय गमावलं. कप्तान इस्त्रीचा शर्ट घालून, जहाजावरच्या जुन्या सोबत्यांना घेऊन तिसऱ्या रांगेत बसला. आधी पाखरांचे फोटो आले, मग माशांचे, मग भिंतभर एकच फोटो आला: त्याचं जहाज, डेकवर कमरेवर हात ठेवून उभा असलेला तो स्वतः, आणि वर ठसठशीत अक्षरांत ‘ऱ्हासाची सुरुवात’. कप्तान उठला. तो उठला म्हणून सवयीने त्याचे सगळे खलाशीही उठले, आणि अख्खी तिसरी रांग पाय वाजवत बाहेर पडली.

तेव्हापासून आई टपाल वाहत होती.

*

मिठागराची कोठी म्हणजे पत्र्याच्या छपराची एक लांबच लांब खोली. कप्तानाच्या आजोबांनी खाडीला बांध घालून वाफे पाडले, तेव्हा मीठ साठवायला ती बांधली. मीठ पिकायचं थांबूनही खूप काळ झाला, पण भिंती अजून खाऱ्या होत्या. पाठ टेकवली की कपड्यांवर पांढरा पट्टा उमटायचा. कोपऱ्यात मीठ ओढायची लाकडी फावडी उभी होती. जुनं दार दोन पिंपांवर आडवं टाकून अक्काने त्याचं टेबल केलं होतं.

अक्का भावंडांत सगळ्यांत मोठी. इस्पितळात परिचारिकांची प्रमुख होती, त्यामुळे समोरचा माणूस रुग्ण आहे असं धरूनच ती बोलायला सुरुवात करायची.

‘ये कप्तान. वजन वाढलंय. बस.’

धाकटा भाऊ, वकील, आधीच येऊन बसला होता. कोठीत कुणी न्यायाधीश नसूनही त्याने काळा कोट घातला होता.

‘दादा!’ तो उठून कप्तानाच्या गळ्यात पडला. ‘तुझीच वाट बघत होतो. आज सगळं तुझ्या हातात आहे.’

कप्तानाला बरं वाटलं. आपल्या हातात काही आहे हे त्याने बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. त्यामुळे ह्यात काहीतरी गोम असणार, हे त्याच्या लक्षात जरा उशिराच आलं.

प्रश्न साधा होता. मागच्या वादळात बाहेरचा बांध पूर्वेच्या कोपऱ्यात खचला होता. तो दुरुस्त करायचा, की त्या जागेचं आणखी काही करायचं? मिठागर तिघा भावंडांच्या नावावर होतं, म्हणजे तिघांनी हो म्हटल्याशिवाय एक ढेकूळही हलणार नव्हतं.

‘मी सांगतो काय करायचं,’ वकील म्हणाला. ‘हौशी लोकांच्या शिडाच्या होड्या असतात ना, त्यांच्यासाठी सुंदर धक्का. पांढरे कठडे, दिवे. आणि आत यायला समोरची वाट पुन्हा खोल करायची. खोदकामावर देखरेख कुणाची? दादाची! ह्या खाडीचा तळ त्याच्याइतका कुणाला माहीत आहे?’

‘कुणालाच नाही,’ कप्तान म्हणाला, आणि लेकीकडे न बघता बघितलं.

‘एक मत पडलं,’ अक्का म्हणाली. ‘चहाच्या आधीच. कप्तान, तू पूर्वीपासूनच स्वस्तात जातोस.’

‘मी काही मत दिलेलं नाही. मी फक्त खरं ते बोललो.’

‘आता आमच्या चिखलराणीचं ऐकू,’ वकील म्हणाला. पुतणीला हे नाव त्यानेच दिलं होतं, आणि तिला ते आवडतं हे त्याला ठाऊक नव्हतं.

लेकीने टेबलावर नकाशा पसरला आणि चार कोपऱ्यांवर चहाचे चार कप ठेवले. ती बोलायला लागली की हात फार हलवायची. कप्तानाची सवय तिच्यात जशीच्या तशी उतरली होती आणि त्या दोघांखेरीज ती सगळ्यांना दिसायची.

‘बांध दुरुस्त करायचाच नाही,’ ती म्हणाली. ‘उलट जिथे खचलाय तिथे नीट उघडायचा आणि भरतीला आत येऊ द्यायचं. वाफ्यांत गाळ बसेल, गाळात खारफुटी उगवेल. तिच्या मुळांत माशांची पिल्लं वाढतील. ह्या खाडीत मासे अंडी घालायला जागा शोधत फिरतायत, आत्या. सगळीकडे भिंतीच भिंती. दूरदेशाहून येणारी पाखरं इथे उतरतात, पाय टेकवायला चिखल मिळत नाही, तशीच उपाशी पुढे जातात.’

‘पाहुण्यांना उपाशी पाठवतो आपण?’ अक्का म्हणाली. ‘हे मला कुणी सांगितलं नव्हतं.’

‘अक्का, ती पाखरं आहेत,’ वकील म्हणाला.

‘मग काय झालं? तू येतोस तेव्हा मी विचारते का तू कोण आहेस?’

कप्तानाच्या बायकोने हसू पदराआड केलं. वकिलाने कोट सारखा केला.

‘आणि ही खारफुटी आपोआप येईल म्हणे,’ तो म्हणाला. ‘कशावरून?’

‘कारण बांधाच्या बाहेर गाळ आधीच परत आलाय, काका. खोदकाम बंद पडल्यापासून दरवर्षी थोडा थोडा. पूर्वेच्या कोपऱ्यासमोर आता छान जाड थर आहे. खेकडे आहेत, किडे आहेत. खाडी आपणहून बरी व्हायला लागलीय. आपण फक्त दार उघडायचंय.’

इथे कप्तानाला राहवलं नाही.

‘तिला सांग,’ तो बायकोला म्हणाला, ‘पूर्वेच्या कोपऱ्यासमोर गाळ नाही. खाली खडक आहे आणि वर वीतभर वाळू. तो पट्टा मी स्वतः तासून काढलाय.’

‘आई, त्यांना सांग, ते त्यांच्या काळात.’

‘तिला सांग, खडक काळ बघून बदलत नाही.’

‘त्यांना सांग, खडक आहे तिथेच आहे. त्याच्यावर आता गाळ आहे.’

‘मी बाहेर जाऊन बसू का?’ बायको म्हणाली.

कप्तान उठला. त्याने नकाशाच्या कोपऱ्यावरचा आपला कप उचलला. नकाशा सुर्रकन गुंडाळला गेला.

‘ओहोटी आहे,’ तो म्हणाला. ‘त्या पट्ट्यावर उभा राहून मी हा चहा पिऊन दाखवतो. बघा सगळ्यांनी.’

‘आई! त्यांना सांग, तिथे जाऊ नका!’

‘अहो, तिथे जाऊ नका म्हणते.’

पण कप्तान दाराबाहेर पडला होता.

*

बांधावरून खाली उतरताना त्याला फार छान वाटत होतं. ऊन होतं, वारा होता, मागे अख्खं घरदार बांधावर ओळीने उभं होतं आणि हातात गरम चहा. पहिली काही पावलं वाळूच लागली. त्याने मागे वळून कप उंचावला. वकिलाने टाळ्या वाजवल्या.

त्याच्या पुढच्या पावलाला तळ लागला नाही.

डावा पाय घोट्यापर्यंत गेला. तो काढायला त्याने उजव्यावर भार दिला, तर उजवा गुडघ्यापर्यंत गेला. मग डाव्याने उजव्याची बरोबरी केली. कप्तानाने दोनदा जोर लावला आणि त्या जोराचं सगळं पुण्य चिखलाला मिळालं. तो मांड्यांपर्यंत रुतला. चहा मात्र सांडला नव्हता.

‘काय रे, पितोयस ना?’ बांधावरून अक्काचा आवाज आला.

‘पितोय!’ कप्तान ओरडला, आणि खरंच एक घोट घेतला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

‘दादा, हलू नकोस!’ वकील ओरडला. ‘नाही, हल! हळूहळू हल! माझ्याकडे असा एक दावा आला होता, त्यातला माणूस...’ मग त्या माणसाचं काय झालं हे आठवून तो गप्प बसला.

बांधावर हशा चालला होता. बायकोही हसत होती, डोळे पुसत होती. कप्तान स्वतःही हसला असता, पण त्याची नजर खाडीच्या तोंडाकडे गेली. पाण्याची पातळ कड उलटी फिरली होती. आज उधाणाची भरती होती. ते पाणी या सपाट जागेवर चढायला लागलं की चालत्या माणसालाही गाठतं, हे त्याने आयुष्यात शंभरांना सांगितलं होतं.

त्याने बांधाकडे पाहिलं. सगळे हसत होते. लेक हसत नव्हती. तीही पाण्याकडेच बघत होती.

पुढच्याच क्षणी ती कोठीकडे धावली. गाडीच्या टपावर बांधलेली तिची कामाची फळी होती, पुढून वर वळलेली, चिखलावर घसरत जायची. ती फळी बांधावरून खाली टाकून, तिच्यावर एक गुडघा टेकवून, दुसऱ्या पायाने मागे रेटा देत लेक सपाट्याने त्याच्याकडे यायला लागली.

ती येईपर्यंत कप्तानाला काही काम नव्हतं. असा बिनकामाचा तो कधी उभा राहिला नव्हता. चिखलही त्याने आजवर पाहिला तो डेकवरून, उंचावरून, बादल्यांनी. आता तो जवळजवळ नाकासमोर होता, आणि सगळा हलत होता. पेन्सिलीच्या टोकाएवढी भोकं, भोकातून डोकावणारे नखाएवढे खेकडे. प्रत्येकाचा एक पंजा मोठा, आणि तो पंजा वर-खाली करून ते एकमेकांना बोलावत होते की दमात घेत होते कोण जाणे. एक बोटाएवढा मासा चिखलावर चक्क उड्या मारत चालला होता. कप्तान स्थिर उभा, म्हणून लांब वाकड्या चोचीची दोन पाखरं त्याला खुंट समजून अगदी जवळ उतरली. एकाने चोच मुळापर्यंत चिखलात खुपसली, वळवळता किडा ओढून काढला, गिळला आणि कप्तानाकडे बघितलं. आपण कुणाच्या तरी जेवणघरात पाय घालून उभे आहोत, असं कप्तानाला वाटलं.

लेकीची फळी आली तशी पाखरं उडाली.

‘कप इकडे द्या,’ ती म्हणाली.

‘आईला सांग...’ कप्तानाने सवयीने सुरुवात केली आणि थांबला. आई बांधावर होती. बोलणं पोचवायला मधे कुणीही नव्हतं.

त्याने कप दिला.

‘आता मागे रेला. खुर्चीत बसल्यासारखे. फळीवर पाठ टेका.’

‘मी पडेन.’

‘पडाच. उभं राहाल तितके खाली जाल. पसरा, बाबा.’

कप्तान रेलला. आयुष्यभर हुकूम सोडलेल्या माणसाने आकाशाकडे तोंड करून चिखलात आडवं व्हायचं म्हणजे सोपं नव्हतं. पण तिचा आवाज असा होता की त्याच्या हातून ते झालं. हा आवाज त्याला फार ओळखीचा वाटत होता, डेकवरचा.

ती पोटावर आडवी झाली आणि त्याच्या पायाभोवती हाताने खणू लागली. चिखल काढायचा, जागा झाली की त्यात पाणी सोडायचं, पाय जरासा हलवायला लावायचा.

‘जोर नाही. नुसता हलवा. घट्ट बुटातून काढतात तसा.’

‘तू हे रोज करतेस?’

‘रोज नाही. रोज इतके हट्टी लोक भेटत नाहीत.’

पाण्याची कड जवळ आली होती. बांधावरचं हसणं थांबलं होतं. बायकोने वकिलाच्या कोटाची बाही घट्ट धरली होती.

‘तो फोटो,’ कप्तान आकाशाला म्हणाला.

लेकीचे हात क्षणभर थांबले, मग पुन्हा चालू लागले.

‘कोणता?’

‘कोणता म्हणे. भिंतीएवढा होता. इतकी जहाजं पडली होती जगात, तुला माझंच मिळालं?’

‘दुसऱ्या जहाजांच्या फोटोंत डेकवर कुणी नव्हतं. ह्यात तुम्ही होतात. आणि छान दिसत होतात.’

‘ऱ्हासाची सुरुवात म्हणून छान?’

‘बाबा, तुम्ही पुढचा फोटो बघितलाच नाहीत. अख्खी पलटण घेऊन निघून गेलात. उजवा पाय हलवा.’

‘पुढे काय होतं?’

‘पुढे मी होते. सहा-सात वर्षांची, तुमच्या डेकवर, गाळाची बादली पुढ्यात घेऊन. तुम्ही उपसलेल्या गाळातून मला एकेक खेकडा काढून दाखवायचात आणि परत पाण्यात सोडायला लावायचात. मी लोकांना तेच सांगितलं. गाळ जिवंत असतो, हे मला शाळेने शिकवलेलं नाही, ह्या माणसाने शिकवलं. आणि हे सांगताना समोर बघते तर तिसरी रांग रिकामी.’

पहिलं पाणी कप्तानाच्या कोपराला लागलं; थंड होतं.

‘मला ते कुणी सांगितलं नाही,’ तो अखेर म्हणाला.

‘कोण सांगणार? आई म्हणाली, एवढा मोठा निरोप मी नेणार नाही, तुझं तू सांग.’

उजवा पाय मोठा आवाज करत सुटला. बूट आतच राहिला. पाणी आता दोघांच्या भोवती आलं होतं, पण त्या पाण्यानेच डाव्या पायाभोवतीची पकड ढिली केली. लेकीने त्याच्या काखेत हात घातला.

‘आता,’ ती म्हणाली, आणि ती ओढत असताना कप्तानाने पहिल्यांदाच, सांगितलं होतं तेवढाच जोर लावला.

दोघं फळीवर आडवी पडली. मग ती मागून ढकलत आणि तो पुढून हातांनी वल्हवत, वाढत्या पाण्यासोबत बांधाकडे निघाली.

*

बांधावर अक्काने त्याच्यावर तीन बादल्या पाणी ओतलं. नाडी बघितली, डोळ्यांच्या पापण्या वर करून बघितल्या.

‘जिवंत आहे,’ तिने जाहीर केलं. ‘अक्कल तपासायची सोय इथे नाही.’

बायको त्याचे केस टॉवेलने पुसत होती, गरजेपेक्षा बऱ्याच जोराने.

‘बघितलंस ना दादा?’ वकील म्हणाला. त्याचा चेहरा अजून पांढरा होता. ‘किती धोक्याची जागा आहे ती! म्हणूनच म्हणतो, खोदूनच काढली पाहिजे.’

‘मी नाही खोदणार,’ कप्तान म्हणाला.

‘म्हणजे?’

‘तिथे राहतात लोक,’ कप्तान म्हणाला. ‘आत्ताच भेटून आलो.’

वकिलाने अक्काकडे बघितलं. अक्काने खांदे उडवले.

‘माझ्याकडे काय बघतोस? मी चिखलराणीच्या बाजूने आहे.’

‘कधीपासून?’

‘ती धावली आणि तू दावा सांगत बसलास, तेव्हापासून.’

वकील तिथेच बांधाच्या दगडावर बसला, काळ्या कोटासकट. मग खाली बघत म्हणाला, ‘मला धक्क्याचं एवढं काही नाही. तुम्ही दोघांनी इथे मीठ ओढलंय. अक्का, तू बाबांच्या खांद्यावर बसून हे वाफे बघितलेस. मी चालायला लागलो तेव्हा सगळं बंद पडलेलं. माझ्या वाट्याला नुसतं कुलूप आलं. मला वाटलं, मी काहीतरी उभं केलं तर मलाही इथे यायला कारण राहील.’

अक्काने त्याच्या कोटावरचा पांढरा पट्टा झटकला, हळूच, लहान मुलाचे कपडे झटकावेत तसा.

‘काका,’ लेक म्हणाली, ‘खरं सांगू? बांध उघडणं सोपं आहे. परवानगी मिळवणं महाकठीण. बंदर मंडळ हरकत घेणार. पलीकडचा कारखाना हरकत घेणार. आमच्या केंद्रात सगळे पाखरं ओळखणारे. कायद्यातलं ओ की ठो कुणाला कळत नाही.’

वकिलाने मान वर केली.

‘कुठल्या मुद्द्यावर हरकत घेणार?’

‘गाळ त्यांच्याकडे वाहून जाईल म्हणून.’

‘पुरावा काय त्यांच्याकडे?’ वकील उभा राहिला. ‘नाही, घेऊ दे हरकत. घेऊच दे! बंदर मंडळाशी माझं जुनं आहे काहीतरी. हे बघ, पहिल्यांदा आपण...’ आणि पुतणीच्या चिखलाने माखलेल्या खांद्यावर हात ठेवून तो तिला कोठीकडे घेऊन गेला. मघाशी कोठीत कोट सारखा करत बसलेला माणूस तो हाच.

‘तीन मतं झाली,’ अक्का म्हणाली. ‘चला, जेवून घ्या.’

*

वकिलाला त्या हरकतींचा फडशा पाडायला पावसाळ्यासकट सबंध वर्ष लागलं, आणि त्या वर्षात तो जितका खूश होता तितका त्याला कुणी पाहिलं नव्हतं. दर आठवड्याला यायचा, कोठीत कागद पसरायचा आणि समोर नसलेल्या बंदर मंडळावर तारस्वरात प्रश्नांची सरबत्ती करायचा.

बांध उघडायचा दिवस उजाडला तो साधाच, निरभ्र. भाषण नव्हतं, फीत नव्हती. खोदणारं यंत्र आलं, पूर्वेच्या कोपऱ्यातली माती उचलून बाजूला झालं आणि सगळे बांधावर भरतीची वाट बघत थांबले.

पाणी आलं ते गाजावाजा न करता. आधी उघडलेल्या जागेत नुसती ओल दिसली, मग चकाकी, मग एक जीभ आत सरकली. कप्तानाला वाटलं होतं, पाणी वाफ्यांच्या चौकोनांत एकेक करून भरत जाईल, आजोबांनी आखले होते तसं. पण पाण्याने चौकोनांची दखलच घेतली नाही. ते सपाट दिसणाऱ्या मातीत एक वळण घेऊन डावीकडे गेलं, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, एखाद्या माणसाने जुन्या गल्लीतून घरी जावं तसं.

‘ही वळणं कुणी काढली?’ अक्काने विचारलं.

‘कुणी नाही, आत्या,’ लेक म्हणाली. ‘मिठागराच्या आधी इथे ओढा होता. पणजोबांनी बुजवला, पण तो पुरता बुजला नाही. उतार अजून तसाच आहे.’

आजोबांच्याही आधीची ती वाट घरातल्या कुणीच कधी पाहिली नव्हती. वकील, ज्याच्या वाट्याला नुसतं कुलूप आलं होतं, तो सगळ्यांत पुढे उभा होता आणि चक्क काही बोलत नव्हता.

कप्तान आणि लेक पाण्याच्या टोकाबरोबर बांधावरून चालू लागली. एके ठिकाणी वाटेत मातीचं मोठं ढेकूळ पडलं होतं. पाणी त्याच्याशी येऊन थांबलं. कप्तानही थांबला. त्याचा हात शिवशिवायला लागला. तो बांधावरून खाली वाकला.

‘बाबा.’

‘काय?’

‘हात लावू नका.’

‘अगं, एवढं एक ढेकूळ...’

‘बाबा.’

कप्तानाने हात मागे घेतला आणि दोन्ही हात पाठीशी बांधले, एकाने दुसऱ्याला धरून, म्हणजे फितुरी व्हायला नको. दोघं बघत उभी राहिली. पाणी ढेकळाशी जरासं फुगलं, घुटमळलं, काठावरचं वाळकं पान त्याने फिरवून बघितलं, आणि मग कडेकडेने डावीकडून निघून गेलं.

‘डावीकडून गेलं,’ कप्तान म्हणाला.

‘हो.’

‘मी असतो तर उजवीकडून नेलं असतं.’

‘माहीत आहे मला,’ लेक म्हणाली.

‘सरळ गेलं असतं. कधीच पोचलं असतं.’

‘ते पण माहीत आहे.’

कप्तानाने घसा साफ केला. पाणी पुढच्या वळणाशी पोचलं होतं आणि आता कुठे जाणार ह्याचा त्याला, उभ्या जन्मात पहिल्यांदाच, काही अंदाज येत नव्हता.

‘चल,’ तो म्हणाला, ‘बघू तरी.’